बॉण्ड संपल्यावर इथेच राहावं म्हणतेय. ताप, साप, विंचू यावर आयुष्यभराचं करिअर होतं का?

बॉण्डवाली

नमस्कार मंडळी. मी एमबीबीएस, सध्या बॉण्डवर (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा) सिंधुदुर्गातल्या एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्र) एमओ (मेडिकल ऑफिसर) आहे. गाव सांगत नाही, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि उद्या ओपीडीत कुणीतरी विचारेल की मॅडम तो धागा तुमचाच ना.

घरचे आणि बॅचचे सगळे एकच सांगतायत, बॉण्ड संपव, नीट पीजीला बस, रेडिओ (एक्सरे-सोनोग्राफी) नाहीतर डर्मा (त्वचारोग) घे, नाईट नाही इमर्जन्सी नाही. आणि मला इथे आल्यापासून दुसरंच काहीतरी डोक्यात बसलंय. कॉलेजात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीमुळे चिखलपाण्यातून होणारा ताप) म्हणजे एक शॉर्टनोट होती, वाचली आणि ऑप्शनला टाकली. इथे लावणी सुरू झाली की अर्धी ओपीडी तीच. पाऊस सरला, जानेवारी उजाडला की माकडतापाची धास्ती, आंब्याच्या बागेत राखणीला बाहेरून माणसं आली की मलेरियाच्या स्लाईडी, आणि फुरसं (छोटा विषारी साप) तर काय बारा महिने तेरा त्रिकाळ.

परवा एक आजी आल्या, चार दिवस ताप, डोळे लालभडक, पोटऱ्यांना नुसता हात लावला तर कळवळल्या. पाय अजून चिखलाचे, म्हणजे ताप असतानाही लावणी सोडली नव्हती. लेप्टोचं कार्ड (झटपट रक्ततपासणी) टाकलं, निगेटिव्ह. मी म्हटलं तरी ॲडमिट करू, लघवी कमी झालीय. तर जावई म्हणतो निगेटिव्ह आहे ना मग कशाला, सलाईन लावा आणि सोडा. आता त्यांना कसं सांगायचं की पहिल्या पाचसहा दिवसांत कार्ड निगेटिव्ह येऊच शकतं म्हणून. शेवटी पाठवल्या जिल्ह्याला, बऱ्या आहेत. पण त्या रात्री मला वाटलं की हे काम मला आयुष्यभर करायला आवडेल.

तर विचारायचं असं की यात नुसती नोकरी न करता कुणी खरंच आयुष्य काढलंय का, नाव घेण्यासारखं काम उभं राहतं का, पैशाचं आणि घरच्यांचं काय होतं. उपदेश नको, कुणाचं पाहिलेलं असेल तर सांगा.

बिरवाडी_नाका

मॅडम, मी डॉक्टर नाही, महाड एमआयडीसीत नोकरी करून रिटायर झालेला माणूस. पण प्रश्न वाचला आणि पहिलं नाव डोक्यात आलं ते डॉ. हिम्मतराव बावस्करांचं. तुम्हाला माहीत असणारच, तरी आमच्या बाजूने सांगतो.

माणूस कोकणातला नव्हे, जालना जिल्ह्यातलं देहेड त्यांचं गाव, घरची परिस्थिती बेताची, नागपूरला एमबीबीएस केलं आणि १९७६ ला सरकारने आणून टाकलं आमच्या बिरवाडीच्या पीएचसीत. तेव्हा आमच्याकडे विंचू म्हणजे काय होता ते आताच्या स्लॅबच्या घरातल्यांना नाही कळायचं. कौलारू घर, माळ्यावर पेंढा, परसात लाकडं रचलेली. बाई पहाटे चुलीला लाकूड काढायला गेली की हाताला डंख. लाल विंचू असला तर पहिली दुखतं पण नाही फारसं, म्हणून लोक बिनधास्त राहायचे. मग उलटी, दरदरून घाम, हातपाय बर्फ, आणि काही तासांनी तोंडातून गुलाबी फेस. पोर असलं तर सकाळपर्यंत खेळ संपलेला. मांत्रिकाकडे न्यायचे, आणि खरं सांगायचं तर दवाखान्यात नेलं तरी तिथे पण फार काही हातात नव्हतं.

हा तरुण डॉक्टर पेशंटच्या खाटेशेजारी बसून राहायचा म्हणतात, नाडी बीपी तासातासाला लिहायचं. त्यातून त्यांच्या लक्षात आलं की माणूस विषाने सरळ मरत नाहीये, विष अंगातली सगळी ॲड्रेनलिनची धरणं एकदम फोडतंय, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, आणि त्या दाबापुढे हृदय दमून फुप्फुसात पाणी भरतं. १९८२ ला ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, म्हणजे लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात महाड तालुक्यातले पेशंट! मधे पुण्याला जाऊन एमडी केलं, आणि (इथे लक्ष द्या मॅडम) परत ह्याच पट्ट्यात आले. मग प्रॅझोसिन. बीपीची साधी गोळी, आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी. त्याआधी जे औषध शिरेतून द्यायचे त्याला सारखं बीपी बघत बसावं लागायचं, ते खेड्यात कोण करणार. गोळी काय, तोंडाने दिली की झालं. १९८६ ला ते पण लॅन्सेटमध्ये. पूर्वी असे गंभीर झालेले १०० पैकी २५-३० दगावायचे, ते १ ते ४ वर आलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या इथे अनेकांना वाटलं की हे इतक्या उशिरा कसं.

पैशाचं विचारलंत म्हणून एक सांगतो. २०१३ च्या सुमारास पेशंट तपासणीला पाठवला म्हणून त्यांना १२०० रुपयांचा चेक आला होता, म्हणजे कट. त्यांनी तो परत केला आणि वर मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. असा माणूस किती श्रीमंत झाला असेल ते तुम्हीच ठरवा, पण महाडात त्यांचं नाव काढलं की रिक्षावाला भाडं विचारत नाही, नेऊन सोडतो.

दादर_ते_दापोली

वरच्या काकांच्या पोस्टबद्दल आदर आहे, पण मी एमडी मेडिसिन, मुंबईत कन्सल्टंट, वडिलोपार्जित घर दापोलीला. जरा दुसरी बाजू.

बावस्कर सर ग्रेटच आहेत, प्रश्नच नाही. पण एक बावस्कर झाले त्याच वर्षांत त्याच कोकणात किती एमओ आले आणि गेले त्यांची यादी कुणी केलीय का? कुणी बदलीसाठी खेटे घातले, कुणी कंटाळून नर्सिंग होम टाकलं, कुणी दारूला लागला. त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. एखाद्याच्या चिकाटीवर गावं तरली तर ते त्या माणसाचं मोठेपण झालं आणि व्यवस्थेचं अपयश झालं, दोन्ही एकदम.

आणि नाव मिळतं म्हणाल तर ते कसं जातं ते पण बघा. हाफकीन घ्या. ओडेसाचा माणूस, १८९६ ला मुंबईत प्लेग फुटला (तो ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे, ते नाव पण आता कुणाला माहीत नसतं), सरकारने हाफकीनला बोलावलं, त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत काही महिन्यांत लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, मग सगळीकडे. १९०२ ला पंजाबात मुल्कोवालला लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली, आणि सगळं खापर ह्याच्यावर. बाटली तिथे उघडताना दूषित झाली होती हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. तोवर माणसाचं करिअर संपल्यात जमा. परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं ते १९२५ ला. तर नावासाठी ह्या फील्डमध्ये येऊ नकोस, एवढंच. एमडी मेडिसिन कर, हातात डिग्री असू दे, मग काय ते ठरव. डिग्रीशिवाय खेड्यात राहिलीस तर तुझं कुणी ऐकणार नाही, तुझा जावईवाला किस्सा त्याचंच उदाहरण आहे.

स्लाईडवाला

मी रिटायर्ड लॅब टेक्निशियन. मलेरिया विभागात आयुष्य गेलं, ठाणे आणि सिंधुदुर्ग दोन्ही केलं. मला ह्या धाग्यात एक गोष्ट खटकतेय, सगळं डॉक्टर डॉक्टर चाललंय.

रोनाल्ड रॉसने १८९७ ला २० ऑगस्टला सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले, १९०२ चं नोबेल घेतलं, दरवर्षी २० ऑगस्टला आम्हाला डास दिन साजरा करायला लावतात, बॅनर, फोटो, चहा. पण ज्या हुसैन खानने डास चावून घेतले, एका डासाला एक आणा या भावाने, त्याचा फोटो नाही लावत कोणी. कलकत्त्याला मोहम्मद बक्ष नावाचा मदतनीस होता, पिंजऱ्यातले पक्षी आणि डास सांभाळणारा, त्याचं तर नावही सांगावं लागतं. आम्ही बक्षच्या जातीचे.

मॅडम तुम्ही हत्तीरोगाचं काहीच लिहिलं नाहीत म्हणून सांगतो, सिंधुदुर्ग त्या यादीतला जिल्हा आहे. त्याचे जंतू रक्तात दिवसा सापडत नाहीत, रात्री दहानंतर वर येतात, म्हणजे रक्त रात्रीच घ्यायचं. आता विचार करा, तुम्ही रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन वाडीत शिरताय, कुत्री मागे लागलीत, ज्याच्या घरात शिरताय तो झोपलाय, त्याला उठवून सांगायचं बोट पुढे कर. लोक शिव्या देतात. एक म्हातारा दर वेळी विचारायचा, 'दिवसा काय रक्त पांढरं असतं काय रे माझं?' आणि सकाळी त्या स्लाईडी रंगवून दुपारपर्यंत बघायच्या, मान मोडते. हे रात्रीचं गणित शंभरावर वर्षांपूर्वी पॅट्रिक मॅन्सनने चीनमध्ये शोधलं, ते अजून तसंच चाललंय. हत्तीरोगावर जी डीईसी गोळी वाटतो ती तर आंध्रात जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून १९४७ च्या सुमारास आलेली, आपल्याला कोणी शाळेत सांगितलं नाही.

तर तुम्ही राहिलात तर एक करा. तुमच्या लॅबवाल्याला, एमपीडब्ल्यूला (गावात फिरणारा आरोग्य कर्मचारी) आणि आशांना नावाने ओळखा, आणि स्लाईड पॉझिटिव्ह आली की पेशंटचं काय झालं ते त्याला परत येऊन सांगा. माझ्या सबंध नोकरीत असं सांगणारा एमओ मला एकच भेटला. त्याच्यासाठी मी रविवारी पण स्लाईडी बघायचो.

काजीवालो

मॅडमनू, मी जास्त शिकलेलो नाय, पण माकडतापाचा सांगतंय, आमच्या दोडामार्गात ता घडलेला असा. मालवणीत लिवलंय तर चलात मां.

२०१६ च्या जानेवारीत आमच्याकडे माकडां मरूक लागली. पयली दोन, मगे रोजची. आमका वाटला कोणीतरी विख घातल्यान. त्याच टायमाक काजीचो हंगाम, बायका पहाटे काजी गोळा करूक रानात. मगे एकेकाक ताप, असो की उठाक नाय, डोक्यात घण घातल्यासारखा, डोळे लाल. डेंगू म्हणान बघला, नाय. लेप्टो म्हणान गोळये दिल्यानी, उतरणा नाय. मगे रक्त भायर पाठयला मणिपालाक आणि पुण्याक, तेव्हा कळला ह्यो कर्नाटकातलो ताप, गोचडीतसून येता. त्याच्या आदल्या वर्साक गोव्यात सत्तरीत इल्लो, डोंगर वलांडून आमच्याकडे.

आता कसा असा, माणूस घाबरलो तरी काजी सोडूक जमणा नाय, वरसाचो पैसो तोच. तर तेव्हा एक डॉक्टर होतो, नाव घेणंय नाय. तो ओपीडी आटापली की वाडीवाडीत यायचो, आमका सांगी, मेलेला माकड दिसला तर हात लावू नको, पयलो फोन करा. पायाक तेल लावा, सांजचे घरी इल्यावर गरम पाण्यान आंघोळ करा, कपडे भायरच काढा, पातेरो उशाक घेवन निजा नको. आम्ही हसलो. तो दुसऱ्या दिवशी स्वता तेल लावन आमच्यावांगडा बागेत इलो आणि गोचडी माका दाखयल्यान, पांढऱ्या फडक्यार, मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक. ती बघल्यावर गावान तेल लावला. भाषणान नाय.

लस पण मारल्यानी, एक नाय दोन नाय, परत परत घेवची. पुढे ती बंदच झाली. तुम्ही रवात तर बरा होयत. बदली करून घेवन जाणारे आमका ढीगभर भेटलेत.

निवृत्त_एमओ

काजीवाल्यांनी जे लिहिलंय ते प्रिंट काढून पीएचसीत लाव.

मी तुझ्याच लाइनमधला, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून जन्म काढला, आता कुडाळला असतो. दादरकरांचं म्हणणं कडू आहे पण चुकीचं नाही. फक्त त्यांनी एक गाळलं. बावस्करांचं काम चिकाटीने झालं हे अर्धंच खरं. त्यांनी लिहून ठेवलं म्हणून ते झालं. विंचवाचे पेशंट तेव्हा सगळ्याच पीएचसीत येत होते, मरतही होते, कागदावर किती ठिकाणी उतरले? आपल्याकडे केसपेपरवर 'तीव्र वेदना, इंजेक्शन दिले, वर पाठवले' यापलीकडे काही नसतं. डंख किती वाजता, उलटी कधी, हातपाय गार कधी पडले, बीपी किती, हे रात्री अडीचला लिहिणारा माणूस लागतो.

आणि त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं काम पद्मश्रीचं किंवा लॅन्सेटचं नाही, ते २०११ चं आहे, बीएमजेतलं (ब्रिटिश मेडिकल जर्नल). तोवर प्रॅझोसिन म्हणजे बावस्कर असं जगभर झालं होतं. विंचवावरचं प्रतिविष, म्हणजे अँटीव्हेनम, आलं तेव्हा हा माणूस म्हणू शकला असता की माझी गोळी आहे ना, कशाला. त्याऐवजी त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी (ह्या बाईंचं नाव वर कोणी घेतलं नाही, पेपरांवर दोघांची नावं आहेत) महाडातच ट्रायल लावली. ७० पेशंट, ३५ जणांना नुसती प्रॅझोसिन, ३५ जणांना प्रॅझोसिन अधिक अँटीव्हेनम. दहा तासांनी बघितलं तर अँटीव्हेनमवाल्यांतले ३२ पूर्ण बरे, नुसत्या गोळीवाल्यांतले ८. आणि तसंच्या तसं छापलं. आपल्या आयुष्यभराच्या गोळीला मागे टाकणारा आकडा स्वतःच छापायचा, हे मला तरी झेपलं असतं का सांगता येत नाही. (अँटीव्हेनम मिळत नसेल तिथे गोळी आजही जीव वाचवते, हे पण लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी तरी म्हणेल प्रॅझोसिन फेल. डोस इथे लिहीत नाही, पब्लिक फोरम आहे.)

आता तुझं. पुढच्या शिक्षणाला रस्ते आहेत. एमडी मेडिसिन करून डीएम इन्फेक्शियस डिसिजेस, एम्स किंवा वेल्लोरसारख्या ठिकाणी. कलकत्त्याचं स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन तर खास यासाठीच निघालेलं. पीएसएम (सार्वजनिक आरोग्य) घेतलंस तर गावात फिरायला मिळेल पण पेशंट हातचा जाईल, आणि तुझ्या पोस्टवरून तू पेशंटवाली वाटतेस. मायक्रोबायोलॉजी घेऊन पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्था) जायचं, तो वेगळा पिंड. सरकारी सेवेत असणाऱ्यांना पीजीला कोटा आहे, त्याचे नियम बदलत असतात, तेवढं बघून घे. आणि आमच्या वेळी एक गोष्ट नव्हती ती आता आहे, ओरोसला मेडिकल कॉलेज झालंय, रत्नागिरीला झालंय, अलिबागला झालंय. म्हणजे एमडी करून परत यायला कोकणात जागा आहे, पीएचसीतच सडावं लागेल असं नाही. आम्हाला हा पर्यायच नव्हता, एक तर पीएचसी नाहीतर मुंबई.

पैसा पोटापुरता मिळतो. घरच्यांचं अवघड आहे. माझी बायको शाळेत होती, माझी बदली झाली की तिची अडकायची, पोरांची शाळा तिसरीकडे. फुरसं चावलेला माणूस दिवाळी बघून येत नाही. एकदा लक्ष्मीपूजनाला पाटावर बसलो होतो तेवढ्यात गडगा चढताना चावलेला एक मुलगा आला, हिरड्यांतून रक्त. पूजा बायकोने केली. ती अजून मधूनमधून काढते तो विषय, आणि तिचं बरोबरच आहे.

सापाचं म्हणशील तर काम अजून खूप पडलंय. डब्ल्यूएचओने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं ते २०१७ ला, इतक्या उशिरा. आपली एएसव्ही (सर्पविषावरचं इंजेक्शन) चार सापांवर चालते, नाग मण्यार घोणस फुरसं. आपल्या घाटातला हिरवा चापडा त्यात नाही. चापडा चावला म्हणून लोक एएसव्ही मागतात, तू पण घाबरून लावशील, त्यात रिॲक्शनचा धोका मात्र खरा. शिवाय विष बहुतेक तमिळनाडूकडच्या सापांचं काढलेलं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष भागाभागात वेगळं असतं हे आता सगळे मान्य करतात. मग आपल्या लाल मातीतल्या फुरशावर ती किती बाटल्यांत काम करते, कुणाला जास्त लागतात, हे कोण मोजणार? जो इथे बसलाय तोच. दिल्लीतून कोणी येणार नाही मोजायला.

एक वही कर. फोनमध्ये नको, फोन बदलतो. जाड रजिस्टर, प्रत्येक सर्पदंश, प्रत्येक लेप्टोचा संशय, वेळांसकट. पेशंट वर पाठवलास तर आठवड्याने फोन करून पुढे काय झालं ते त्याच ओळीत. बॉण्ड संपेपर्यंत हे कर. वही भरली आणि कंटाळा आला नाही तर तुझा निर्णय झालेला असेल. कंटाळा आला तर रेडिओ घे, त्यात कमीपणा काही नाही, आम्हाला पण सोनोग्राफी करणारं माणूस लागतंच.

बॉण्डवाली

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. स्लाईडवाले काका, हत्तीरोगाचा विषय मी अगदीच दुर्लक्षित ठेवलाय, आमच्या लॅबवाल्यांना उद्याच विचारते. काजीवाले, मालवणी कळली, सासर तिकडचंच आहे!

दादरचे सर, एमडी करायचंच आहे, नाही कुठे म्हटलं, प्रश्न परत यायचा की नाही हा होता.

निवृत्त सर, वही आजपासून. एक विचारते, आमच्याकडे फुरसं चावलेला पेशंट आला की वीस मिनिटांची टेस्ट करतो (रक्त ट्यूबेत ठेवून गोठतं का बघायचं), पण मागच्या दोन पेशंटांत गोंधळ झाला, अंगावर सूज नाही, रक्तस्राव नाही, पेशंट गप्पा मारतोय आणि टेस्टमध्ये रक्त गोठलेलं नाही. एएसव्ही लावू की नको ह्यात जीव अर्धा झाला. सिस्टर म्हणाल्या मॅडम आपल्याकडे असं होतं कधी कधी. असं कसं कधी कधी?

दादर_ते_दापोली

परत ये. ओरोसला व्हिजिटिंगला बोलावलंस तर मी पण येईन, दापोलीहून फार लांब नाही. म्हणजे लांब आहे, पण येईन.

निवृत्त_एमओ

ट्यूब बघ आधी. प्लास्टिकची असेल तर टेस्ट धरूच नको, रक्त गोठायला काच लागते. आणि काचेची असेल तर ती धुतात कशाने ते मावशींना विचार. पुष्कळ ठिकाणी वापरलेल्या ट्यूबा साबणाच्या पाण्यात बुडवून, विसळून परत स्टँडला लावतात. साबणाचा अंश राहिला की चांगल्या माणसाचं रक्त पण गोठत नाही, आणि मग आपण धडधाकट माणसाला एएसव्ही लावून रिॲक्शन ओढवून घेतो.

नवीन कोरड्या साध्या काचेच्या ट्यूबा मागव, वेगळ्या डब्यात ठेव, वर मोठ्या अक्षरात 'फक्त साप' लिही. दोन मिली रक्त, वीस मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. मधे मधे हलवून बघायची खोड सगळ्यांना असते. शंका आली तर शेजारच्या ट्यूबेत स्वतःचं नाहीतर सिस्टरचं रक्त घालून ठेव, ते गोठलं आणि पेशंटचं नाही गोठलं तर बिनधास्त एएसव्ही काढ, ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून बाजूला ठेवूनच. पहिली टेस्ट नॉर्मल आली तरी घरी सोडू नको, परत परत कर, फुरशाचं विष उशिरा पण चढतं. ट्यूबांचं इंडेंट (मागणीपत्र) याच आठवड्यात टाक, पाऊस लांबला तर स्टोअरची गाडी घाटात अडकते.